एका ठिपक्याच्या दोन मालकिणी

आमच्या कॉलेजसमोरच्या चहाटपरीचं बाकडं रस्त्याकडे तोंड करून मांडलेलं होतं. नागपुरात कुठल्याही टपरीचं बाकडं टपरीकडे तोंड करून असतं, कारण कढईतून भजी कधी निघतात ते माणसाला दिसायला हवं. पण आमच्या सरांनी टपरीवाल्याला समजावून सांगितलं होतं की पॅरिसमध्ये खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात आणि फ्रेंच फोटोग्राफीचा अर्धा इतिहास त्या खुर्च्यांवर बसून घडला आहे. टपरीवाला म्हणाला, "सर, तिथं रस्ता रुंद असंन. इथं गिऱ्हाइकाच्या गुडघ्याले स्कूट्या लागून राहिल्या." सर म्हणाले, "लागू दे गा. पाहणाऱ्याले थोडं लागलंच पाहिजे." बाकडं तसंच राहिलं. पुढे तिथे सरांशिवाय कोणी बसेनासं झालं, त्यामुळे गुडघे फक्त त्यांचेच फुटायचे.

सर आम्हाला फ्रेंच फोटोग्राफीचा सिद्धान्त आणि इतिहास शिकवायचे. विषय ऐच्छिक होता. ऐच्छिक म्हणजे बाकी कुठल्या विषयात वर्णी लागली नाही की माणूस आपखुशीने घेतो तो. मीही अशीच आपखुशीने आले. वर्गातल्या बहुतेकांना लग्नाचे फोटो काढून पोट भरायचं होतं, आणि लकडगंजच्या एका लाकूडव्यापाऱ्याच्या मुलाने तर ड्रोनसुद्धा आणला होता. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कॅमेरे टेबलावर ठेवायला लावले, त्यांच्यावर टॉवेल टाकला आणि पोपटाचा पिंजरा झाकल्यासारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. लकडगंजवाल्याने विचारलं, "सर, लेन्स कोणता घेऊ?" सर म्हणाले, "लाकूड ओळखाले तुह्या बापानं कोणता लेन्स घेतला होता?" त्यावर तो पोरगा जो गप्प झाला तो वर्षभर गप्प होता. आज विदर्भातली निम्मी लग्नं तोच टिपतो.

सरांनी स्वतः जन्मात एकही फोटो काढलेला नव्हता. घरी कॅमेरा नव्हता आणि खिशातला फोन बटणांचा होता. एका धीट मुलीने याबद्दल छेडलं तेव्हा ते म्हणाले, "बाळंतपण करणारा डॉक्टर सोता बाळंत होते का वं?" वाद तिथेच संपला. फ्रान्सलाही ते गेले नव्हते. पासपोर्टच काढला नव्हता, कारण त्यासाठी फोटो काढून घ्यावा लागतो आणि तो सरळ भिंतीला पाठ लावून काढलेला फोटो त्यांना गुन्हेगारांच्या नोंदीतला वाटायचा. पण पॅरिस त्यांना पाठ होतं. कुठल्या चौकात कुणी कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, कुठल्या खिडकीतून कुणी काय टिपलं, हे ते डोळे मिटून सांगत. नागपुरात मात्र ते घरून कॉलेजला एकाच रस्त्याने यायचे आणि तो रस्ता खोदलेला असला की रजा टाकायचे.

फ्रेंच भाषा त्यांनी शब्दकोश घेऊन, एकट्याने, कूलरच्या आवाजात शिकली होती. एकदा एक खराखुरा फ्रेंच पाहुणा कॉलेजात आला. प्राचार्यांनी मोठ्या अभिमानाने सरांना पुढे केलं. सर बराच वेळ फ्रेंचमधून बोलले, मधे मधे हातवारे केले, शेवटी मान लववून खाली बसले. पाहुणा उठला आणि इंग्रजीत म्हणाला की मराठी भाषा इतकी गोड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आम्ही जिभा चावून बसलो. सर शांत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "खेड्यातला असंन तो. त्यायच्याकडची भाषा अशुद्ध असते." ज्या माणसाचं मराठी ऐकून पुण्याच्या परीक्षकांनी आयुष्यभर नाकं मुरडली, त्याच्या तोंडून हे ऐकायला मिळालं म्हणून मी त्या पाहुण्याची अजून ऋणी आहे.

सरांचे दोन नियम होते. कुठलाही फोटो समोर आला की पहिला प्रश्न, "फोटोवाला कुठं उभा होता?" आणि दुसरं म्हणजे 'वाटतं' हा शब्द वर्गात वर्ज्य. "दिसते ते सांगा. वाटते ते घरी जाऊन बायकोले सांगा." फोटोतली बाई दुःखी वाटते असं कुणी लिहिलं की गुण कापायचे. तिचा पदर ओला दिसतो असं लिहिलं की द्यायचे. धंतोलीत दवाखान्यांच्या फलकांवर हाताची घडी घातलेल्या डॉक्टरांचे फोटो असतात. अशाच एका फलकाखाली उभं राहून सरांनी गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना विचारलं होतं, "पाहा बरं, फोटोवाला कुठं उभा होता? खाली. म्हणून डॉक्टर वर दिसते. हात काहून बांधले? तं म्हणजे हा तुमाले हात लावणार नाही." दोन कुटुंबं तिथूनच समोरच्या दवाखान्यात गेली. नंतर दवाखान्याच्या पहारेकऱ्याने सरांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला.

आणि तो स्टाफरूमचा प्रकार. सरांची बढती नाकारली गेली होती. फोटोग्राफीच्या आरंभी फ्रान्समध्ये एक गृहस्थ होऊन गेला, त्यानेही स्वतंत्रपणे फोटोची रीत शोधली होती. मान आणि पेन्शन दुसऱ्याला मिळाली, याला कोणी विचारलं नाही. तेव्हा त्याने निषेध म्हणून आपण बुडून मेल्याचा स्वतःचाच फोटो काढला, उघड्या अंगाने, डोळे मिटून. सरांनी हाच मार्ग धरला. स्टाफरूममधली दोन बाकं जोडली, शर्ट काढून खुंटीला लावला आणि डोळे मिटून आडवे झाले. महिना मे होता. शिपाई आला, त्याने पाहिलं आणि ओरडला, "सराले ऊन लागलं." पुढच्या काही मिनिटांत सरांच्या तळपायाला कांदा चोळला जात होता, डोक्यावर ओला टॉवेल होता आणि वाणिज्यच्या मॅडम चमच्याने पन्हं पाजत होत्या. निषेध करतो आहे असं सांगायला ते तोंड उघडत आणि मॅडम आणखी एक चमचा घालत. बढती मिळाली नाही, पण प्राचार्यांनी स्टाफरूमला नवा कूलर मंजूर केला. फ्रेंच फोटोग्राफीचा आमच्या कॉलेजला झालेला हा एकमेव प्रत्यक्ष लाभ.

एवढ्यावर थांबले असते तर ते एक गमतीचे सर म्हणूनच माझ्या लक्षात राहिले असते. पण आपली पुस्तकं ते कुणाला घरी नेऊ देत नसत, त्यामुळे मला रविवारी उत्तर नागपुरातल्या त्यांच्या घरी जाऊन वाचावं लागायचं, आणि तिथे त्यांची माय होती.

माय पंचाहत्तरीच्या पुढची, बारकीशी, कायम दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली. तिच्या डोक्यावर भिंतीला फ्रेम केलेला एक जुना छापील फोटो होता, छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवसाचा. मैदानभर माणसंच माणसं, तांदूळ सांडल्यासारखी. त्या वस्तीत बहुतेक घरांत तो फोटो होता, आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यात होतं. पाहुणा आला की त्याला भिंतीपाशी नेऊन दाखवायची पद्धत होती. हा आमचा आजोबा. ही आमची आत्या. दिसायचा नुसता ठिपका, पण मोठ्या माणसाच्या ठिपक्याला नाही कोण म्हणणार? मायने मलाही पहिल्याच रविवारी उठून दाखवलं. झाडाच्या सावलीशेजारचा एक पांढरा ठिपका. "हे मी," ती म्हणाली. बोट लावून लावून तिथली काच धूसर झाली होती.

मी हळूच सरांकडे पाहिलं. 'वाटतं' म्हटल्यावर गुण कापणारा हा माणूस त्या वेळी पुस्तकात एवढं डोकं खुपसून बसला होता की पान उलटायचंही विसरला.

भांडण सुरू झालं ते वस्तीतल्या मंडळामुळे. त्या वर्षी दीक्षेच्या वर्धापनदिनाला त्यांनी वस्तीतल्या, प्रत्यक्ष त्या दिवशी हजर असलेल्या म्हाताऱ्यांचा विहारात सत्कार ठरवला. अशा दोघीच उरल्या होत्या, सरांची माय आणि समोरच्या घरातली आजी. दोघींची सासरची गावं वेगळी, ओळख वस्तीत राहायला आल्यानंतरची. मंडळाने मोठा फ्लेक्स करायचं ठरवलं, त्यावर तो फोटो, आणि दोघींच्या ठिपक्यांभोवती लाल गोल. कार्यकर्ते आधी समोर गेले. आजीने आपल्या घरातल्या फोटोवर बोट ठेवलं. मग ते मायकडे आले. मायने बोट ठेवलं. ठिपका एकच होता.

वर्षानुवर्षं समोरासमोर राहून, एकमेकींची कढी नेऊन, दोघींना हे कळलं नव्हतं, कारण समोरच्या घरात आपला ठिपका दाखवायला कोण जातं? आता मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तोफा सुरू झाल्या. "माहा ठिपका चोरते काय वं तू?" "तुहा कोणत्या रजिस्टरात लिहिला आहे?" दोन दिवस कढी बंद झाली. शेवटी कार्यकर्ते सरांकडे आले. म्हणाले, "सर, तुमी फोटोचे मास्तर. फ्रान्सपर्यंतचं शिकलेले. तुमीच सांगा."

त्या रविवारी मी तिथेच होते. सरांनी नाही म्हणायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या विद्येचं काम घेऊन दारात आलं होतं. त्यांनी फ्रेम खाली उतरवली, टेबलावर ठेवली, खिशातून भिंग काढलं. दोघींना दोन खुर्च्यांवर बसवलं. मीही पुस्तक मिटलं.

"फोटोवाला कुठं उभा होता?" सर म्हणाले. मग स्वतःच उत्तर दिलं, "उंचावर, मंचाच्या अंगाला. आता तुमी दोघी सांगा, तुमी कुठं होत्या आन् तुमाले काय दिसत होतं. एकेक."

माय आधी बोलली, आणि काय बोलली. सगळं मैदान पांढरं शुभ्र, मंच कुठे, मंचावर कोण कुणाच्या डावीकडे, कोणती प्रतिज्ञा झाल्यावर लोक कसे गहिवरले, भाषणातलं वाक्यन् वाक्य. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कार्यकर्ते फोनवर रेकॉर्ड करत होते.

मग समोरची आजी. ती अडखळली. "मले काय दिसते? मधात एक बाई होती, तिचा हा एवढा अंबाडा. पाय सुजले होते. पदरात फुटाणे होते, ते सासूनं मागून घेतले. भाषण चालू होतं, पण आवाज मधातच जाये. मले लघवीले लागली होती, पण जाव कुठं?" कार्यकर्त्याने रेकॉर्डिंग बंद केलं.

मी सरांकडे पाहत होते. वर्गात ते नेहमी सांगायचे की जो खरंच तिथे होता त्याला फोटोचा एक कोपरा आठवतो, आणि ज्याला अख्खा फोटो नीट आठवतो त्याने तो नंतर पाहिलेला असतो. हा सिद्धान्त त्यांचा स्वतःचा होता, फ्रान्सचा नव्हता, आणि तो त्यांनी आपल्या मायवर कधी लावून पाहिला नसावा. आत्ता लागला. त्यांच्या हातातलं भिंग काचेवर टेकलेलं होतं आणि ते त्यातून बघत नव्हते. मला त्यांची भयंकर दया आली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोकं वर केलं. "फ्रान्समधे," ते म्हणाले, "सुरवातीला एक फोटो काढला होता. पॅरिसचा मोठा रस्ता, भर दिवसाचा. गाड्या, घोडे, मानसं, खच्चून गर्दी. पण फोटोत रस्ता रिकामा. काहून? तं तवा फोटो उमटाले लय वेळ लागे. जे चालत होते ते आलेच नाही. एकच मानूस आला. तो बूट पॉलिश कराले उभा होता, म्हणून." त्यांनी भिंग खिशात घातलं. मग मायकडे न पाहता म्हणाले, "ठिपका ह्या मावशीचा आहे. मावशी उभी होती. माय हलत होती, म्हणून माय उमटली नाही. उमटली नाही म्हणजे नव्हती असं नाही."

मी खाली बघितलं. छप्पन सालचा कॅमेरा पापणी लवायच्या आत फोटो घ्यायचा. हे आम्हाला याच माणसाने शिकवलं होतं, आणि पेपरात चुकीचं लिहिलं असतं तर मला नापास केलं असतं.

मायचा चेहरा उजळला. "बरोबर," ती म्हणाली. "मी पाणी वाटून राहिली होती. मी कायची उमटतो? ही उभी होती खांबासारखी."

समोरची आजी खुर्चीतून उठली. "मी काहून उभी राहीन वं? मी काय कामचुकार आहे? मी बी हलतच होती. मले नको तो ठिपका."

"तुहाच आहे, घे."

"तूच ठेव."

ज्या ठिपक्यासाठी दोन दिवस कढी बंद होती, तो आता दोघी एकमेकींच्या अंगावर ढकलत होत्या. कार्यकर्ते फ्लेक्सवाल्याला फोन लावायला बाहेर गेले. शेवटी फ्लेक्सवर गोल काढलाच नाही. दोघींचे आधारकार्डावरचे फोटो मोठे करून लावले, ज्यांत दोघी सारख्याच दिसत होत्या.

कार्यक्रम संध्याकाळी विहाराच्या अंगणात होता. मी गेले, कारण सर म्हणाले, "ये. मायले बरं वाटन." आधी समोरची आजी बोलली. "गेलो. लय चाललो. वापस आलो," एवढंच म्हणून बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली. मग माइक मायच्या हातात दिला. ती बोलायला लागली की अख्खं भाषण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक नीट सावरून बसले.

"मी नव्हती," माय म्हणाली.

माइक बिघडला असं समजून एक कार्यकर्ता पुढे धावला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"कळमेश्वरजवळ आमचं गाव. माहं नवीन लग्न झालं होतं. सारे निघाले. सासू म्हणे, लेकरं कोण पाहीन? तं मले ठेवलं. साऱ्या वस्तीचे तान्हे माह्यापाशी. मी लय रडली. मंग लेकरं रडाले लागले, तं माहं रडणं राहून गेलं. सारे वापस आले, खूश होते. आता आपण नवीन झालो म्हणे. तू झाली का, असं मले कोणी इचारलं नाही. मंग मीच सांगाले लागली का मी बी होती. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं." तिने पुढच्या रांगेत बसलेल्या सरांकडे बोट केलं. "ह्या पोरानं ओळखलं. माह्यासाठी खोटं बोलला. याले खोटं बोलता येत नाही. खोटं बोलाचं असलं का फ्रान्सचं नाव घेते."

लोक हसले. ज्याच्या हातात दुसरी शाल होती तो कार्यकर्ता तिची घडी उलगडावी की पुन्हा घालावी या विचारात उभा होता. समोरची आजी उठली, त्याच्या हातातून शाल काढून घेतली.

"दे इकडं. माहं बी तान्हं मागं होतं घरी," ती म्हणाली. माइक नव्हता तिच्यासमोर, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "कोण्या पोरीनं सांभाळलं, मी आजवर इचारलं नाही." आणि तिने शाल मायच्या खांद्यांवर घातली, पुढून नीट ओढून घेतली, थंडीत लेकराला गुंडाळतात तशी.

मी रडले. आजूबाजूच्या बायाही रडत होत्या आणि रडत रडत फोन वर करून फोटो काढत होत्या. नेमके त्याच वेळी सर उठले आणि मंचाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मागून लोक ओरडले, "सर, बसा ना गा, फोटो येऊन नाही राहिला." सरांना ऐकू गेलं नाही. त्या क्षणाचे वस्तीतल्या प्रत्येक फोनमध्ये फोटो आहेत आणि प्रत्येकात सरांची पाठ आहे, चौकडीच्या शर्टातली. माय एकातही नाही. फोटोवाला कुठं उभा होता, हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्याला आपण स्वतः कुठे उभे आहोत याचं भान राहिलं नाही.

घरी परतताना मायचा एक हात सरांनी धरला होता आणि दुसरा मी. तिने रागावूनच सुरुवात केली. "काहून उभा राहिला मधात? लोकायचे सारे फोटो खराब केले."

"मले दिसून नव्हतं राहिलं," सर म्हणाले. मायचा हात सोडून, चष्मा काढून ते शर्टाला पुसत होते आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

"तुले काय पाहाचं होतं? रोज तं घरीच असतो मी."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सर थांबले, त्यामुळे आम्हालाही थांबावं लागलं. वर्गात कुणाला प्रश्न विचारायचा असला की ते आधी घसा खाकरायचे, तसा त्यांनी खाकरला.

"माय," त्यांनी विचारलं, "तू झाली का मंग?"

मायने शाल सावरली. तिने आधी लेकाकडे नीट पाहून घेतलं.

"आता झाली," ती म्हणाली. "चाल, पोळ्या टाकाच्या आहेत."